जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली : कोल्हापुरातील कारखाने, कार्यालये आणि मुद्रणालये यांच्यासाठी मार्गदर्शन

मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी उपलब्ध करून दिलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. शिवाजी उद्यमनगरातील मशीनशॉप असो, शाहूपुरीतील व्यापारी पेढी असो, राजारामपुरीतील करसल्लागाराचे कार्यालय असो किंवा गावोगावच्या पतसंस्था व दूध संस्था असोत, त्या सर्वांपुढे त्यामुळे एकच प्रश्न उभा राहिला : संगणक तर नीट चालतो आहे, मग त्यातील प्रणाली बदलावी काय, आणि बदलायची तर कोणत्या क्रमाने? संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारे हिशेबाचे, रेखाटनाचे किंवा छपाईचे सॉफ्टवेअर यांच्यामध्ये राहून स्मृती, डिस्क, पडदा, छपाईयंत्र व जाळे यांचा वापर नियंत्रित करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. ती बदलली की तिच्यावर उभे असलेले प्रत्येक सॉफ्टवेअर आणि तिला जोडलेले प्रत्येक उपकरण यांचा नव्याने मेळ घालावा लागतो. म्हणूनच हा निर्णय संगणकाच्या वयावरून किंवा नव्या प्रणालीच्या जाहिरातीवरून न घेता त्या संगणकावर कोणते काम अवलंबून आहे हे पाहून घेणे योग्य ठरते.

पाठबळ संपते म्हणजे नेमके काय होते

पाठबळ संपलेला संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, त्यावरील फायली नाहीशा होत नाहीत आणि सॉफ्टवेअरही पूर्ववत चालत राहते. बंद होते ती दर महिन्याला मिळणारी सुरक्षादुरुस्ती, म्हणजे प्रणालीच्या आज्ञावलीत सापडलेली उणीव बुजवण्यासाठी उत्पादक पाठवतो तो छोटा बदल. येथे अपडेट आणि अपग्रेड यांतील फरक ध्यानात ठेवावा. त्याच आवृत्तीत दुरुस्त्या बसवणे म्हणजे अपडेट, तर एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे अपग्रेड. पहिल्याचा पुरवठा थांबला की दुसऱ्याचा विचार अपरिहार्य होतो. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी संपले असूनही या प्रणाली अनेक ठिकाणी अद्याप वापरात दिसतात, आणि त्यामागे 'चालू मशीनला हात लावू नये' हा कारखानदारीतील जुना शिरस्ता असतो.

यंत्राच्या बाबतीत तो शिरस्ता बव्हंशी बरोबर असला तरी इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला तो लागू पडत नाही, याचा पुरावा महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिला आहे. विंडोजमधील फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात एक गंभीर उणीव होती आणि तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केली होती. तरीही ती न बसवलेल्या संगणकांवर १२ मेपासून वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला आणि तो दीडशेहून अधिक देशांत पसरला. त्याच उणिवेचा आधार घेणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्याने जूनच्या अखेरीस जगभरातील अनेक कंपन्यांचे संगणक निकामी केले. त्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचा समावेश असल्याने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न बसवणारे आणि दुरुस्ती मिळणेच बंद झालेली प्रणाली वापरणारे असे दोघेही अशा हल्ल्यात सारखेच सापडतात. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना एटीएम यंत्रांतील विंडोज एक्सपी व पाठबळ नसलेल्या अन्य प्रणाली टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले, ते याच कारणासाठी.

दुसरा परिणाम हळूहळू जाणवतो. क्रोम या ब्राउझरच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ व ८.१ वर बसत नाहीत. ब्राउझर जुना राहिला की आज ना उद्या कर भरण्याची, निविदा सादर करण्याची किंवा बँकेची संकेतस्थळे त्यात नीट उघडेनाशी होतात, आणि सुरक्षेची पर्वा नसलेल्या वापरकर्त्यालाही अखेर प्रणाली बदलावीच लागते. हा बदल विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी घाईने करण्यापेक्षा सवडीने केलेला बरा.

पहिले पाऊल : कामाची यादी

अपग्रेडच्या तयारीचा आरंभ संगणकापासून न करता कागदावर करावा. कार्यालयातील प्रत्येक संगणकासमोर तीन गोष्टी लिहून काढाव्यात : त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे व त्यांच्या आवृत्त्या, त्याला जोडलेली उपकरणे, आणि तो संगणक दोन दिवस बंद राहिला तर अडणारे काम. कोल्हापूर परिसरातील व्यवसायांचा विचार करता या यादीत चार प्रकारची अवलंबने विशेषत्वाने आढळतात.

पहिले अवलंबन डॉसच्या काळातील हिशेबाचे. फॉक्सप्रो किंवा क्लिपर या भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्या अनेक पतसंस्थांनी व पेढ्यांनी वर्षानुवर्षे वापरल्या. विंडोजच्या ३२ बिट आवृत्तीत डॉसच्या आज्ञावल्या चालवणारा एक अंतर्गत घटक असे; ६४ बिट आवृत्तीत तो नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते. त्यामुळे अशी आज्ञावली विंडोज ११ वर थेट चालत नाही, मात्र विंडोजसाठी लिहिलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोतील आज्ञावल्या बहुधा चालतात. हा भेद ठाऊक नसल्याने संपूर्ण प्रणाली बदलल्यानंतर खतावणीच उघडत नाही अशी वेळ येते. याच्याच जोडीला समांतर पोर्टावर थेट छपाई करणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर येतात. पासबुकाची किंवा बिलाची छपाई त्यांच्यावर अवलंबून असल्यास ती नव्या प्रणालीवर आधी करून पाहावी.

दुसरे अवलंबन यंत्रांचे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री व यंत्रकाम उद्योगांत सीएनसी यंत्राकडे कार्यक्रम पाठवणारा संगणक सिरियल पोर्टाच्या तारेने यंत्राला जोडलेला असतो. काही मोजमाप यंत्रे तर संगणकात बसवलेल्या विशिष्ट कार्डावर चालतात आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची ओळख प्रणालीला करून देणारी आज्ञावली, एखाद्या जुन्या विंडोजपुरतीच लिहिलेली असते. उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढलेला नसेल तर असा संगणक अपग्रेडच्या यादीतून बाजूला काढावा. त्याची व्यवस्था निराळी आहे आणि तिचा विचार पुढे केला आहे.

तिसरे अवलंबन कुलपांचे. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना सिद्ध करण्यासाठी संगणकाला लावण्याचे छोटे उपकरण, आणि अंकीय स्वाक्षरीचा यूएसबी टोकन या दोहोंनाही स्वतःचे ड्रायव्हर लागतात. कर सल्लागार, ठेकेदार आणि कंपनी सचिव यांनी आपल्या टोकनाच्या पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाशी जखडलेला असतो, त्याचा परवाना जुन्या प्रणालीवरून रीतसर परत करूनच पुढे जावे.

चौथे अवलंबन मराठी अक्षरांचे, आणि मुद्रणालये, डीटीपी केंद्रे व सरकारी कार्यालये यांच्या दृष्टीने ते सर्वांत नाजूक असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

मराठी मजकूर आणि टंक

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी संकेतपद्धती, प्रचारात येण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून मराठी छपाईचा प्रश्न सोडवला. अशा टंकांत तयार केलेल्या लग्नपत्रिका, अहवाल आणि पुस्तके प्रणाली बदलल्यावर नष्ट होत नाहीत, परंतु तो टंक नव्या संगणकावर नसेल तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात असणारे फॉन्ट्स हे फोल्डर संपूर्णपणे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, कळफलकाची मांडणी कोणती होती ते लिहून ठेवावे, आणि महत्त्वाचा जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून मुद्रितशोधकाकडून तपासून घ्यावा. परिवर्तनात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

युनिकोड वापरणाऱ्यांनाही एक गोष्ट माहीत असावी. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे देवनागरी टंक विंडोज १० पासून मूळ प्रणालीसोबत आपोआप बसत नाहीत. ते देवनागरी पूरक टंकांच्या ऐच्छिक संचात ठेवलेले आहेत, आणि तो संच नसलेल्या संगणकावर मंगलमधील दस्तऐवज निर्मला या टंकात दिसून ओळी व पाने सरकतात. सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात मराठी ही भाषा जोडली की तो संच व इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध होतो. उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांसाठी मराठीचा फोनेटिक कळफलकही विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून प्रणालीतच समाविष्ट आहे, त्यामुळे त्यासाठी अनोळखी संकेतस्थळांवरून काही उतरवण्याचे कारण उरत नाही.

संगणकाची पात्रता कशी तपासावी

विंडोज कळ आणि आर ही कळ एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा इंग्रजी अक्षरे सलग लिहिल्यास सध्याची आवृत्ती कळते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, ६४ बिट प्रक्रियक, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० यांची आवश्यकता आहे. यूईएफआय हे बायोसच्या जागी आलेले, संगणक चालू होताना प्रथम जागे होणारे नियंत्रक सॉफ्टवेअर होय. सिक्युअर बूट ही अनधिकृत आज्ञावलीला आरंभीच अडवणारी सोय होय. तर टीपीएम हा सांकेतिक किल्ल्या सुरक्षित ठेवणारा घटक होय. प्रक्रियकांच्या बाबतीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रक्रियक मान्य आहेत, म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतर घेतलेले संगणक पात्र ठरण्याची शक्यता अधिक. कागदोपत्री ४ जीबी स्मृती पुरत असली तरी हिशेब, ब्राउझर आणि छपाई एकाच वेळी चालवणाऱ्या कार्यालयाने ८ जीबीपेक्षा कमी स्मृतीवर समाधान मानू नये.

मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे विनामूल्य साधन ही तपासणी आपोआप करते आणि नकार मिळाल्यास त्याचे कारणही सांगते. टीपीएम नाही असे उत्तर आले तरी लगेच नवा संगणक विकत घेऊ नये. अनेक मदरबोर्डांत ही सोय प्रक्रियकात अंतर्भूत असून केवळ बंद ठेवलेली असते, आणि बायोसच्या मांडणीत जाऊन इंटेलच्या संगणकावर पीटीटी किंवा एएमडीच्या संगणकावर एफटीपीएम हा पर्याय चालू केला की ती कार्यान्वित होते. जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली डिस्क यूईएफआयसाठी बदलावी लागते; त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे, तथापि डिस्कची मांडणी बदलणारे हे काम माहितीची प्रत घेतल्याखेरीज करू नये. अपात्र संगणकावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, परंतु अशा संगणकाला पुढील अपडेट मिळत राहतील याची हमी उत्पादक देत नाही, आणि सुरक्षेसाठी केलेल्या बदलाचा मूळ हेतूच त्यामुळे डळमळतो.

चार मार्ग आणि त्यांची निवड

पात्र संगणकासाठी पहिला व सरळ मार्ग विंडोज ११ हाच आहे. परवानाधारक व सक्रिय विंडोज १० वरून त्याकडे जाण्यास शुल्क पडत नाही. दुसरा मार्ग मुदतवाढीचा आहे. विंडोज १० ची अखेरची २२एच२ ही आवृत्ती असणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षादुरुस्त्यांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उपलब्ध आहे, आणि संगणकाच्या मांडण्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवण्यास मान्यता दिल्यास तिच्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. संस्था व कंपन्यांसाठी हीच सोय सशुल्क असून ती जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते, मात्र प्रत्येक वर्षी दर दुप्पट होतो. मुदतवाढ हा उपाय नसून नियोजनासाठी मिळालेला अवधी आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचा लाभ घ्यावा.

तिसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स ही मुक्त स्रोत, म्हणजे जिची आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते अशी कार्यप्रणाली असून उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन आणि सी-डॅकने तयार केलेली बॉस ही तिची निरनिराळी वितरणे आहेत. केवळ ब्राउझर, पत्रव्यवहार आणि तक्ते यांसाठी वापरला जाणारा अपात्र संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतो. ज्या कामाला टॅली, डोंगल किंवा स्वाक्षरीचा टोकन लागतो तेथे मात्र पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून आधी खात्री करून घ्यावी. लिनक्स वापरणाऱ्यांनाही आवृत्तीबदलाचा नियम सुटलेला नाही : उबंटूच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीस साधारण पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात, २०.०४ ची मुदत मे २०२५ मध्ये संपली, आणि २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी न मारता आधी २२.०४ व मग २४.०४ असा क्रम पाळावा लागतो. ३२ बिट प्रक्रियकाच्या संगणकांना तर उबंटूने पूर्वीच वगळले असून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तेथेही त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थापना मिळत नाही.

चौथा मार्ग विलगीकरणाचा. यंत्राला जखडलेला विंडोज एक्सपी किंवा ७ चा संगणक बदलता येत नसेल तर तो इंटरनेटपासून आणि कार्यालयीन जाळ्यापासून कायमचा तोडावा, त्यावर ईमेल व ब्राउझर वापरू नये, आणि कार्यक्रमाच्या फायली त्याच कामासाठी राखलेल्या व दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्याव्यात. त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढून ती कपाटात ठेवावी, कारण अशा संगणकाला हल्ल्याइतकाच धोका डिस्क झिजण्याचा असतो आणि त्याची प्रणाली नव्याने बसवणारा माणूस पुढे मिळेलच असे नाही. डॉसमधील जुनी खतावणी केवळ पाहण्यापुरती हवी असेल तर जुन्या डिस्कची प्रतिमा नव्या संगणकावर आभासी यंत्रात, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने निर्माण केलेल्या दुसऱ्या संगणकात, उघडता येते. समांतर पोर्टाचा डोंगल लागणारे सॉफ्टवेअर मात्र या रीतीने चालण्याची आशा धरू नये.

माहितीची प्रत आणि पंचगंगेचा पूर

अपग्रेडमध्ये फायली जागच्या जागी राहतात हे खरे असले तरी वीज जाणे, डिस्क आधीच खराब असणे किंवा चुकीचा विभाग पुसला जाणे या शक्यता गृहीत धरूनच काम सुरू करावे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी हा जगभर मान्य असलेला नियम कोल्हापुरात अधिकच काटेकोरपणे पाळायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी मानली जाते आणि २००५, २०१९ व २०२१ च्या पावसाळ्यांत नदी ती ओलांडून शहरात शिरली. मूळ संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच दुकानाच्या एकाच टेबलाखाली असतील तर पुराच्या वेळी दोन्ही एकदमच जातात. म्हणून एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा शहराच्या उंच भागातील घरी आणि एक सांकेतिक स्वरूपात मेघसाठ्यावर असावी. प्रत घेणे म्हणजे केवळ माय डॉक्युमेंट्स उतरवणे नव्हे : हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे माहितीचे फोल्डर, ईमेलची साठवण, ब्राउझरमधील परवलीचे शब्द, टंक, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि परवान्यांचे क्रमांक यांचाही तिच्यात समावेश व्हावा, आणि दुसऱ्या संगणकावर एखादी फाइल उघडून प्रत खरोखर वाचता येते याची खात्री करावी.

या कामी सर्वांत भरवशाची आणि तुलनेने स्वस्त युक्ती अशी की नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, विकत घेऊन नवी प्रणाली तिच्यावर बसवावी आणि जुनी डिस्क काढून, तारीख लिहून, जशीच्या तशी ठेवावी. नव्या प्रणालीत काही अडले तर जुनी डिस्क परत जोडताच काम पूर्ववत सुरू होते, आणि जुन्या संगणकाचा वेगही लक्षणीय वाढतो.

प्रत्यक्ष कृती

वेळेची निवड हा तयारीचाच भाग समजावा. जीएसटीच्या विवरणपत्रांच्या ११ व २० तारखांचे आठवडे, मार्चअखेर, साखर कारखान्याशी संबंधित कार्यालयांसाठी गळीत हंगामाचा ऐन भर, आणि मुद्रणालयांसाठी लग्नसराई हे काळ टाळून साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काम सुरू करावे. अनेक संगणक असल्यास आधी कमी महत्त्वाचा एकच संगणक बदलून आठवडाभर त्यावर नेहमीची सर्व कामे करून पाहावीत. पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव असल्याने संगणक यूपीएसवर व लॅपटॉप चार्जरवर असावा.

त्यानंतर क्रम असा ठेवावा. सध्याच्या प्रणालीची सर्व अपडेट बसवून घ्यावीत, बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी ती सोय तात्पुरती थांबवावी, अनावश्यक उपकरणे काढून ठेवावीत, आणि सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या विभागातून किंवा मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरील साहाय्यक साधनातून अपग्रेड सुरू करावे. विचारणा झाल्यास फायली व उपयोजने कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. विंडोज ७ किंवा ८.१ वरून विंडोज ११ वर या रीतीने थेट जाता येत नाही. तेथे नवी स्थापना करून सॉफ्टवेअरे पुन्हा बसवावी लागतात, ज्याला बाजारात फॉरमॅट मारणे म्हणतात, आणि त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. विंडोज ११ च्या नव्या स्थापनेच्या वेळी डिस्क आपोआप कुलूपबंद होऊन तिची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवली जाण्याची शक्यता असते, म्हणून ते खाते तंत्रज्ञाच्या नावाने न उघडता संस्थेच्या किंवा मालकाच्या नावाने उघडावे.

प्रणाली बदलल्यानंतर यादीतील प्रत्येक काम एकदा करून पाहावे : एक बिल छापावे, एका कागदावर अंकीय स्वाक्षरी करावी, जुना मराठी दस्तऐवज उघडावा, यंत्राकडे एक चाचणी कार्यक्रम पाठवावा. ही तपासणी पहिल्या दहा दिवसांत पुरी करणे अगत्याचे आहे, कारण जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय अपग्रेडनंतर दहाच दिवस उपलब्ध असते आणि त्यानंतर जुन्या प्रणालीच्या फायली पुसल्या जातात.

परवाना, फसवणूक आणि जुने यंत्र

परवान्याशिवाय प्रणाली सक्रिय करून देणाऱ्या चोरट्या साधनांत उपद्रवी आज्ञावली दडवलेली असण्याचा धोका मोठा असतो, आणि ती चालवण्यासाठी विषाणुरोधक बंद करावयास सांगितले जाते हीच पुरेशी सूचना मानावी. पाठबळ संपल्याचे निमित्त करून 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतो' असे सांगणाऱ्या फोनवर विश्वास ठेवून संगणकाचा ताबा देऊ नये. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. टाकून द्यावयाच्या संगणकातील डिस्क आधी पूर्णपणे पुसावी किंवा काढून घ्यावी, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो भंगारात न घालता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे सोपवावा.

वारणेचा धडा

या विषयात कोल्हापूर जिल्ह्याचा स्वतःचा एक अनुभव आहे. वारणानगर येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांना जोडणारी ५४ संगणक केंद्रे उभारली आणि ऊस उत्पादकांना वजनाची, देय रकमेची व खताची माहिती गावातच मिळू लागली. पुढे ते संगणक जुने झाले आणि त्यांची देखभाल खर्चिक ठरू लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन व लघुसंदेश वापरून तीच माहिती देण्याचा प्रयोग केला आणि तो कमी खर्चाचा आढळला. तेथे शेतकऱ्याला हवी होती ती वजनाची नोंद; ती कोणत्या यंत्रातून आणि कोणत्या प्रणालीतून येते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. प्रत्येक संस्थेने आपल्या संगणकांकडे याच दृष्टीने पाहिल्यास काही ठिकाणी अपग्रेड, काही ठिकाणी लिनक्स, काही ठिकाणी विलगीकरण आणि काही ठिकाणी तो संगणकच काढून टाकणे असे निरनिराळे निर्णय योग्य ठरतील. निर्णय कोणताही होवो, कामाची यादी आणि तपासलेली प्रत या दोन गोष्टी हाती आल्याखेरीज जुन्या प्रणालीला हात लावू नये, आणि त्या हाती आल्यावर मात्र विलंब करू नये.